दहा शब्दांची मोजणी

माझ्या मामाला आमच्या समाजात सगळे ‘दहावा’ म्हणत. आम्हा ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. नऊ जण कितीही भाविक असले तरी नऊच. मग पुस्तक मिटून थांबायचं. माझ्या लहानपणीच आमची माणसं कमी होत चालली होती. नऊ कसेबसे जमत आणि दहाव्यासाठी खोळंबा होई. मामाचं चष्म्याचं दुकान प्रार्थनालयाच्या अगदी समोर होतं आणि राहायची खोली दुकानाच्या वर. कोणीतरी रस्त्यात येऊन हाक मारायचं, “अहो दहावे, नऊ झाले.” मामा चाक बंद करी आणि हात पुसत रस्ता ओलांडी. काचा घासताना उडालेला पांढरा चिखल त्याच्या कोपरांपर्यंत असे. तो तसाच प्रार्थनेला उभा राही.

चाळीस वर्षांत ही हाक एकदाही वाया गेली नाही, असं सगळे सांगत. एकदा गेली. त्याबद्दल मला लिहायचं आहे, कारण त्या दिवशी काय झालं ते आम्हा दोघांनाच पूर्ण माहीत होतं आणि त्यातला आता मी एकटाच उरलो आहे.

आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. माणसाकडे बोट करून एक, दोन, तीन म्हणणं बरं समजत नाहीत. त्याऐवजी दहा शब्दांचं एक जुनं हिब्रू प्रार्थनावाक्य म्हणायचं, एका माणसाला एक शब्द. वाक्य पुरं झालं की दहा माणसं झाली. देवा, तुझ्या लोकांना तार आणि सांभाळ, असा त्याचा साधारण भाव. त्यातला तिसरा शब्द म्हणजे ‘तुझे लोक’. मोजायचं काम मामाकडे होतं, कारण शेवटचा शब्द बहुतेक त्याचा स्वतःचाच असे.

“मामा, एक-दोन-तीन म्हटलं तर काय होतं?” मी लहानपणी विचारलं होतं.

“काही होत नाही. पण तो माणूस आहे, फ्रेम नाही. नग फ्रेमचे असतात.”

मी पुढे वाणिज्य शाखेत शिकलो, एका कागदाच्या कंपनीत पाठवणी विभागात लागलो, आणि माझं आयुष्य नगच मोजण्यात गेलं. मामा त्यावरून मला सोडत नसे. “आमच्या भाच्याला भरलेला ट्रक दाखवा, बाहेरून बघून सांगेल आत किती आहे. फक्त आत काय आहे ते विचारू नका.”

माझी आई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. त्यांची आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला न्हाऊ-माखू घातलं होतं. मामी गेली तेव्हा मामा पन्नाशीत होता, मूलबाळ नव्हतं. त्यानंतर तो शनिवारी दुपारी आमच्याकडे जेवायला येऊ लागला. जेवण झालं की आई त्याच्या नाकावरचा चष्मा काढून आपल्या पदराला पुसायची. “दुनियेच्या काचा पुसतोस आणि स्वतःची बघ,” असं दर शनिवारी म्हणायची. तोही दर शनिवारी “तुझ्यासाठीच मळवून आणतो, ताई,” म्हणायचा.

प्रार्थनालयाला लागून आमच्या समाजाची शाळा होती. मुलं कमी झाली, मग नाहीशीच झाली, आणि शाळेला कुलूप लागलं. पंधरा वर्षांपूर्वी एका लांबच्या देशात लढाई पेटली आणि तिथली आमची माणसं घरंदारं सोडून निघाली. तेव्हा समाजाच्या समितीने ती शाळा उघडली. अकरा वर्ग होते. फळ्यांना टेकवून खाटा लावल्या, बाकांची कपाटं केली. देखरेख कोणी करायची हा प्रश्नच नव्हता. मामाला संसार नव्हता आणि रस्ता ओलांडायचा तेवढाच.

पहिल्या वर्षी सहा कुटुंबं आली. त्यातला एक पाववाला होता, बायको आणि दोन मुलांसकट तिसरीच्या वर्गात राहिला. मग शहराच्या निर्वासित कार्यालयाकडून विचारणा झाली. त्याच लढाईतून, त्याच रस्त्याने पळून आलेली दुसऱ्या धर्मांची माणसं स्टेशनवर पडून आहेत. तुमच्याकडे पाच वर्ग रिकामे आहेत, देता का?

समितीचा सचिव मी होतो, तेव्हाही आणि आजही. अध्यक्ष कापडाचे व्यापारी होते. बोलायला कडक, पण माणूस खोटा नव्हता. ते म्हणाले, “आपली माणसं पळत होती तेव्हा किती दारं उघडली होती? ही शाळा आपल्या आजोबांनी वीट वीट करून आपल्या मुलांसाठी बांधली. उद्या आपलं एखादं कुटुंब रात्री-बेरात्री दारात आलं आणि मी त्यांना जागा नाही म्हटलं, तर मी तोंड कुठे दाखवू?”

मामा म्हणाला, “उद्या येणाऱ्याची खाट आज मोकळी ठेवू. पण आज आलेला आज कुठे झोपेल?”

दोघांचंही पटण्यासारखं होतं. मी तोडगा काढला: तीन वर्ग कायम आपल्या लोकांसाठी राखून ठेवायचे, बाकीचे कोणालाही द्यायचे. नियमाची भाषा माझी होती आणि मला तिचा अभिमान वाटत होता.

माणसं आली. पळताना लोक काय काय हरवतात याची मला कल्पना नव्हती. सगळ्यात जास्त हरवतात ते चष्मे. चेंगराचेंगरीत पडतात, बोटीतून वाहून जातात, त्यावर कोणीतरी बसतं. मामाने प्रार्थनालयाच्या दारात एक खोका ठेवला. ज्यांच्या घरात कोणी गेलं असेल त्यांनी गेलेल्याचा चष्मा त्यात टाकावा, असं सगळ्यांना सांगितलं. खोका भरला. मग तो पाटीवरची अक्षरं वाचून घेऊन नंबर काढायचा, खोक्यात जुळती काच शोधायचा, नाही मिळाली तर रात्री घासून तयार करायचा. निर्वासित कार्यालयाची बाई अर्ज भरून घ्यायला आली की तिला सांगायचा, “आधी त्यांना दिसू दे, बाई. मग सही कुठे करायची ते दाखवा.”

शाळेतले सगळे त्याला ‘मामा’ म्हणू लागले. आमच्या भाषेतला त्यांनी शिकलेला तो पहिला शब्द. मला थोडं खटकलं. मामा माझा होता.

संध्याकाळी हजेरी घ्यावी लागे, जेवणाच्या डब्यांसाठी. मामा दारात उभा राहून प्रत्येकाला एक शब्द देत मोजायचा. वाक्य संपलं की पुन्हा पहिल्यापासून. “आज पाच वेळा आणि सात शब्द,” असं तो डबेवाल्याला सांगायचा. डबेवाला बिचारा सत्तावन्न डबे उतरवायचा. त्याला सवय झाली होती.

एके दिवशी अध्यक्षांच्या कानावर ते पडलं. ते तिथेच थांबले.

“हे काय चाललंय?”

“मोजतोय.”

“यांना? या वाक्यानं?”

“मग आकड्यांनी मोजू?”

“दहावे, त्या वाक्यात ‘तुझे लोक’ आहे. ‘तुझे लोक’ म्हणजे कोण, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?”

मामा चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत म्हणाला, “मला वाटलं ते ज्याचे लोक त्यानं ठरवायचं.”

अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. मामांना आवरा, म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी गोदामातून पितळेचे नंबर घातलेले साठ बिल्ले आणले आणि हे वापर म्हणून मामाला दिले. त्याने घेतले. पुढच्या आठवड्यात गेलो तर त्यातले चार बिल्ले डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली होते.

“बघ, तुझे नग कामाला आले, सचिवसाहेब,” मामा म्हणाला. मी हसलो नाही. शाळेतली माणसं आसपास उभी होती आणि तीही हसली नाहीत. ती माझ्याकडे बघत होती.

त्याच वर्षी आई गेली.

वर्ष होत आलं. गेलेल्याच्या पहिल्या स्मृतिदिनी मुलाने कद्दिश म्हणायची असते. ती प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही. तिलाही दहा जण लागतात. आमचा दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणून ती त्याआधी व्हायला हवी. रोजची प्रार्थना तोवर बंद पडली होती, फक्त शनिवारी व्हायची. हा दिवस मंगळवार होता. मी पंधरा दिवस आधीपासून एकेकाला फोन करून आठ जणांना संध्याकाळसाठी तयार केलं. मी नववा आणि मामा दहावा. सूर्यास्त सहा वीसला होता. पावणेसहाला जमायचं ठरलं.

त्या दिवशी मी रजा घेतली होती. दुपारी चारला मामाचा फोन आला.

“अरे, तुझी गाडी आहे ना दारात?”

“आहे. का?”

चौथीच्या वर्गात एक आजोबा राहत होते. पेशाने गवंडी, धर्माने आमचे नव्हेत. वाटेत त्यांची सात वर्षांची नात चुकली होती. ताटातूट झालेल्या मुलांच्या फोटोंची एक फाइल गावोगाव फिरत होती आणि ती त्या दिवशी आमच्या शहरातल्या निर्वासित कार्यालयात आली होती. सहापर्यंत राहणार आणि मग पुढच्या गावी जाणार. जवळच्या माणसाने स्वतः फोटो ओळखायला हवा, वर्णन चालत नव्हतं. आणि आजोबांचा जाड भिंगांचा चष्मा दोन दिवसांपूर्वी जिन्यात फुटला होता. त्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचं माणूस दिसत नव्हतं. तो नंबर खोक्यात कुठून असणार? मामा सकाळपासून काच घासत होता. एक काच दुपारी चाकावरच तडकली. दुसरी आत्ता कुठे तयार झाली होती.

“बसनं गेलो तर दोनदा बदलावी लागते,” मामा म्हणाला. “तू गाडी काढलीस तर आपण तिघं पंधरा मिनिटांत तिथे. त्यांना आत बसवू, काम झालं की परत आणू. साडेपाचला मी तुझ्या शेजारी उभा असेन, हात धुऊन.”

मी पांढरा सदरा इस्त्री करत होतो. आईचा फोटो पुसून ठेवला होता. वर्षभर मी या एका संध्याकाळची तयारी करत होतो, आणि मला वाटलं की तीही आता शाळेतल्या लोकांना द्यायची.

“मामा, आज नको,” मी म्हणालो. “निदान आजच्या दिवशी तरी ही भानगड नको. त्यांच्यातलं कोणीतरी नेईल त्यांना.”

“त्यांच्यातल्या कोणाला इथली भाषा येते?”

“मग कार्यालयात फोन कर.”

पलीकडे चाकावर थेंब थेंब पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता.

“बरं,” मामा म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या ‘बरं’चा अर्थ मी सोयीचा लावला.

पावणेसहाला आम्ही जमलो. सहा वाजता कोणीतरी रस्त्यात जाऊन हाक मारून आलं. दुकान बंद होतं. सहा पाचला दुसऱ्याने मारली. अध्यक्ष घड्याळ बघत होते. मी खिडकीजवळ उभा होतो. समोरच्या भिंतीवरचं ऊन विटेविटेने वर चढत होतं. छपराच्या कडेपर्यंत गेलं आणि नाहीसं झालं. एकेकाने येऊन माझा हात दाबला आणि पुस्तकं कपाटात ठेवली. मी आईची कद्दिश न म्हणताच पुस्तक मिटलं.

पावणेसातला मामा आला, जवळजवळ पळतच. सदऱ्यावर पांढरे डाग तसेच होते. प्रार्थनालयात मी एकटाच बसलो होतो.

“सापडली,” तो म्हणाला. “सहाला पाच कमी होते. फाइलच्या शेवटून तिसऱ्या पानावर. आजोबांनी फोटोवर बोट ठेवलं ते उचलेचनात. कारकून म्हणाला, बाबा, पान उलटू दे.” मग त्याचं लक्ष मिटलेल्या पुस्तकाकडे गेलं. “वाटलं होतं पोचेन. दुसरी बस आलीच नाही.”

“नऊ जण होते,” मी म्हणालो.

“ती माझीही ताई होती रे.”

“मग यायचं होतंस. त्यांना सगळं जग आहे. आईला आज फक्त तू होतास.”

फोनबद्दल तो बोलेल असं मला वाटलं. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो चष्मा काढून सदऱ्याला पुसू लागला, पण सदराच चिखलाचा होता.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. फोन सोडून. ती म्हणाली, “सासूबाई असत्या तर त्यांनी आधी ती मुलगी कशी आहे ते विचारलं असतं.” मी त्या रात्री जेवलो नाही.

चार दिवसांनी मी समितीला पत्र लिहिलं. देखरेख करणाऱ्या व्यक्तीचं समाजाच्या मूळ कर्तव्याकडे दुर्लक्ष होत आहे. शाळेची इमारत ज्या हेतूने बांधली गेली त्याचा पुनर्विचार व्हावा. अध्यक्षांना मामाबद्दल राग नव्हता, पण ते अशा पत्राची वाट पाहत होते एवढं खरं. बैठकीत त्यांनी विचारलं, “दहावे, तुम्हाला काही सांगायचंय?”

मामा माझ्या समोरच बसला होता. तो एक वाक्य बोलला असता तर त्या पत्राचा नुसता कागद उरला असता. ‘मी भाच्याकडे गाडी मागितली होती,’ एवढंच त्याने समितीला सांगायला हवं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

“बस चुकली,” तो म्हणाला. “चूक माझी.”

ठराव झाला. शाळा फक्त आपल्या लोकांसाठी. बाकीच्यांना पंधरा दिवसांत शहराबाहेरच्या पत्र्याच्या छावणीत हलवलं. ट्रक आले, ते माझ्याच ओळखीतून आले. मामाने प्रत्येक ट्रकशी उभं राहून शब्द मोजले आणि संध्याकाळी किल्ल्यांचा जुडगा माझ्या घरी आणून दिला. सोबत माझं पत्रही होतं. त्याला एक प्रत दिली होती मी, नियमाप्रमाणे.

“मराठी छान आहे तुझं,” तो दारातच म्हणाला. “पण मला ‘व्यक्ती’ म्हटलंयस.”

“पत्रात तसंच लिहितात, मामा.”

“हो. तसंच असेल.”

त्यानंतर तो बारा वर्षं जगला. बारा वर्षांत त्याने एकही प्रार्थना चुकवली नाही. हाक मारावी लागत नसे. पहिला येऊन बसायचा, हात स्वच्छ धुतलेले. आईच्या पुढच्या प्रत्येक स्मृतिदिनाला तो माझ्या डाव्या हाताला उभा होता. मला जे हवं होतं ते मला शब्दशः मिळालं. शनिवारी जेवायला मात्र तो यायचा बंद झाला. बायको बोलवायची, तो म्हणायचा, “दुकानात काम पडलंय.” रविवारी मामा खोका घेऊन बसने छावणीत जायचा, हे मला सगळ्यांसारखं माहीत होतं. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा मी गाडीने सोडतो म्हणालो. “नको,” तो म्हणाला, “आता दुसरी बस वेळेवर येते.” टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

आणि शाळा? पाववाल्यासारखी आमची कुटुंबं एकेक करून दुसऱ्या गावांना गेली. राखून ठेवलेल्या अकरा वर्गांत नंतर कोणीही आलं नाही. जुडगा माझ्या टेबलाच्या खणात पडून राहिला.

गेल्या वर्षी, एका बुधवारी सकाळी, मामा दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. आमच्यात त्याच दिवशी दफन करतात. कद्दिश मी म्हणणार होतो. मुलगा नसलेल्याचा भाचा. मी यादी काढून फोन लावले. कोणी आजारी, कोणी परगावी, कोणी आधीच मामाच्या पुढे गेलेलं. दफनभूमीत दुपारी तीनला मी सवयीने मोजायला लागलो. वाक्य नवव्या शब्दावर थांबलं. दहावा शब्द ज्याचा, तो फळीवर होता.

अध्यक्ष आता ऐंशीच्या पुढे, चाकांच्या खुर्चीत. ते म्हणाले, “थांबू या. कोणीतरी येईल.” कोण येणार ते त्यांनाही माहीत नव्हतं.

फाटकाबाहेर माणसं जमली होती. आधी मला वाटलं दुसऱ्या कोणाची असतील. मग चष्मे दिसले. जुन्या, जाड काड्यांचे, आमच्याच घरांतल्या गेलेल्या माणसांचे चष्मे. माझ्या वडिलांची एक फ्रेम मी ओळखली. ती एका उंच बाईच्या नाकावर होती. एकोणीसेक वर्षांची मुलगी पुढे आली.

“आत आलं तर चालेल ना?” तिने विचारलं.

“या ना,” मी म्हणालो. “तुम्ही...”

“मी गवंड्याची नात. आजोबा नाहीत आता. ते सांगायचे, बसमध्ये मामा सारखे घड्याळ बघत होते. म्हणायचे, आज माझ्या बहिणीचा दिवस आहे.” ती खोदलेल्या जागेकडे बघत होती. “सगळे का थांबलेत?”

“दहा माणसं लागतात. नऊ आहेत.”

तिने मागे वळून आपल्या लोकांकडे पाहिलं. “आम्हाला मोजून चालत नाही?”

“नाही. आमच्यातलेच लागतात.”

ती रागावली नाही. “आमच्याशेजारच्या वर्गात राहायचे ते पाववाले काका चालतील का? तुमच्यातलेच आहेत ना? त्यांची मुलगी माझी मैत्रीण आहे.” आणि तिने तिथेच उभं राहून फोन लावला.

पाववाला दीड तासाच्या अंतरावरच्या गावात होता. त्याचं नाव माझ्या यादीत नव्हतं. तो गाव सोडून गेला तेव्हा मीच ते खोडलं होतं. तो निघतो म्हणाला.

आम्ही थांबलो. तेही थांबले, उन्हात उभे राहून, ज्या प्रार्थनेत त्यांना जागा नव्हती तिच्यासाठी. मी त्यांच्या रांगेवरून नजर फिरवत होतो आणि कधी सुरू केलं ते कळलं नाही.

“काय पुटपुटतोस?” अध्यक्षांनी खुर्चीतून विचारलं.

“मोजतोय.”

“कोणाला?”

मी फाटकाकडे मान हलवली. त्यांनी बराच वेळ तिकडे पाहिलं. पूर्वीचे असते तर काय म्हणाले असते मला माहीत होतं.

“किती झाले?” त्यांनी विचारलं.

“तीन वेळा आणि चार शब्द.”

“बारा वर्षांपूर्वी, खरं काय झालं ते मी विचारलं असतं, तर दहाव्यानं मला सांगितलं असतं का रे?” ते म्हणाले. “मला तेव्हा वाटलं होतं की तो काहीतरी गिळतोय.”

तेव्हा मी त्यांना गाडीचं सांगितलं. चार वाजताचा फोन, इस्त्री, सगळं. बारा वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे त्याला सांगायला हवं होतंस. मला काय सांगतोस?”

पाववाला साडेपाचला धापा टाकत आला, हातांना पीठ तसंच. तो माझ्या डाव्या बाजूला उभा राहिला. मी कद्दिश म्हटली. माझा आवाज मध्ये दोनदा अडला तेव्हा मागची सगळी माणसं, एक अक्षर न कळता, श्वास धरून थांबली.

पुढच्या बैठकीत मी शाळा सर्वांसाठी उघडण्याचा ठराव मांडला. दहा मिनिटांत, विरोधाशिवाय, मंजूर झाला. एवढं सोपं होतं. पण तपासायला आलेला अभियंता छताच्या तुळया ठोकून म्हणाला, “बंद ठेवून सडवलंत साहेब. माणसं राहत असती तर गळती वेळेवर कळली असती.” अकरांपैकी दोनच वर्ग वापरता येण्याजोगे निघाले. मला निवृत्तीला सात महिने आहेत. त्यानंतर बाकीच्यांच्या दुरुस्तीमागे लागायचं ठरवलं आहे. किती होईल सांगता येत नाही. मामाचं चाक मी शाळेत आणून ठेवलं आहे. ते चालवायला मला येत नाही. लहानपणी तो शिकवायचा म्हणत होता, मला अभ्यास होता.

मागच्या आठवड्यात पहिली माणसं आली: एक बाई, तिची आई, आणि कडेवरचं मूल. कुठल्या धर्माची ते अर्जात होतं. अर्ज मी नंतर वाचला. मी दारात उभा राहिलो, मामा राहायचा तिथे, आणि मोजलं. बाईला एक शब्द, म्हातारीला एक. मुलाच्या वाट्याला तिसरा आला, ‘तुझे लोक’. उरलेले सात शब्द तोंडात तसेच राहिले. म्हातारी डोळे बारीक करून माझा चेहरा शोधत होती. मी खोका उघडला आणि तिच्यासमोर एकेक चष्मा ठेवत गेलो.